एकतीस जानेवारीचा रस्ता

मांडवी नदी जेथे समुद्रास मिळते, त्या मुखाजवळ डाव्या तीरावर आमची पणजी वसली आहे. शहरात आल्तिन्यो नावाची टेकडी आहे. तिचा पूर्वेकडील पायथा आणि ओरेमची खाडी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत फोंताइन्हास हा जुना वाडा दाटीने बसला आहे. या वाड्यातून दक्षिणोत्तर जाणारा रस्ता म्हणजे ‘एकतीस जानेवारी मार्ग’. लांबी थोडी, रुंदी त्याहून बेताची. तथापि ज्यास पणजी समजून घ्यावयाची आहे त्याने या रस्त्यास एक संपूर्ण सकाळ द्यावी.

नावापासूनच आरंभ करू. ही तारीख कशाची, असे विचारले असता पोर्तुगाल स्पेनच्या अमलातून सुटला तो हा दिवस, असे उत्तर पुष्कळदा मिळते. परंतु ती सुटका १ डिसेंबर १६४० ची. आपल्या रस्त्याची तारीख आहे १८९१ सालची. त्या वर्षी ३१ जानेवारीस पोर्तुगालमधील पोर्तो शहरी प्रजासत्ताकवाद्यांनी राजसत्तेविरुद्ध उठाव केला. तो तत्काळ मोडला गेला; पण १९१० साली राजेशाही कोसळली आणि फसलेल्या बंडाची तारीख अभिमानाची ठरली. आता गंमत अशी की, येथून थोडे चालत गेले म्हणजे ‘अठरा जून मार्ग’ लागतो. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगावात पोर्तुगीज सत्तेविरुद्ध सविनय कायदेभंगास तोंड फोडले, त्याची ती आठवण. एकाच गावात दोन तारखा, दोन बंडे! १९६१ साली गोवा मुक्त झाल्यावरही हे जुने नाव टिकले, हे आमच्या मते बरेच झाले. नाव पुसून इतिहास पुसला जात नाही. केवळ तो विचारण्याचे निमित्त नाहीसे होते.

ही जागा पूर्वी खाडीकाठची ओलसर जमीन होती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, मोझांबिकमध्ये पैसा मिळवून परतलेल्या आंतोनियो जुआंव द सिक्वेइरा नावाच्या गोमंतकीयाने येथे माडांची बाग केली. फोंताइन्हास या शब्दाचा अर्थ ‘लहान झरे’. टेकडीच्या पायथ्याशी मळ्यात ‘फोंत फेनिश’ हा झरा आहे, त्यावरून हे नाव पडले. साथींनी ओस पडत चाललेले जुने गोवे सोडून १७५९ साली व्हाइसरॉय पणजीस राहावयास आला, आणि १८४३ साली पणजी अधिकृतपणे राजधानी झाली. राजधानी म्हटली की कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांबरोबर अंमलदार व कारकून आले, आणि त्यांच्या बिऱ्हाडांनी माडांची जागा घेतली.

खरी पाहण्याजोगी आहेत ती घरे. आणि ती नुसती सुंदर म्हणून नव्हेत, तर ती पावसाशी कशी झुंजतात हे समजून घेण्यासाठी. पणजीस वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो बहुतेक चार महिन्यांतच. भिंती आहेत जांभ्या दगडाच्या. हा चिरा खाणीतून काढतेवेळी मऊ असतो, हत्याराने सहज तासता येतो, आणि वारा लागला की घट्ट होतो. पण तो सच्छिद्र, पाणी पितो. म्हणून त्यावर चुन्याचा गिलावा हवा. चुन्यातून भिंतीतील ओल हळूहळू बाहेर पडते. तिच्यावर सिमेंट थापले तर ओल आतच कोंडते, आणि काही वर्षांत गिलाव्याचे पोपडे सुटू लागतात. जुने गवंडी हे जाणत होते. नव्यांपैकी सर्वच जाणतात असे नाही.

रंगांचेही असेच. पांढरा रंग चर्चचा व कपेलांचा. राहत्या घरांनी तो वापरू नये आणि पावसाळा सरल्यावर घर पुन्हा रंगवावे, असा पोर्तुगीज अमलात दंडक होता. चुन्याच्या निवळीत नीळ, पिवडी वा हिरमुजी कालवली की झाला रंग! आज पाहुणे ज्या निळ्या, पिवळ्या आणि तांबड्या भिंतींपुढे उभे राहून छायाचित्रे काढतात, त्या भिंती म्हणजे मुळात दर वर्षीच्या डागडुजीचा हिशेब आहे.

काही जुन्या खिडक्यांत काचेऐवजी शिंपले बसविलेले दिसतात. आपल्या खाड्यांत एक चपटा, पातळ शिंपला मिळतो. त्याच्या चौकोनी चकत्या कापून लाकडी पट्ट्यांत सरकवीत. प्रकाश आत येई, ऊन मात्र नाही. काच महाग होती त्या काळी ही युक्ती गोमंतकात घरोघर चाले. आता हा जीव कायद्याने संरक्षित आहे, त्यामुळे फुटलेली चकती बदलावयास नवी मिळणे कठीण.

रस्त्याच्या दक्षिणेस संत सेबास्तियनचे पांढरे कपेल आहे. आतील क्रूसावरची ख्रिस्तमूर्ती निराळी आहे: मान खाली झुकलेली नाही, डोळे उघडे आहेत. ही मूर्ती एके काळी जुन्या गोव्यातील इन्क्विझिशनच्या वाड्यात होती. १५६० साली गोव्यात सुरू झालेले ते धर्मन्यायालय १८१२ साली कायमचे बंद झाले. मूर्ती पणजीच्या राजवाड्यात आली आणि १९१८ साली येथे. ज्यांना त्या दालनात उभे केले गेले त्यांनीही हेच डोळे पाहिले असतील, हा विचार मनात आला म्हणजे पाऊल क्षणभर थबकते.

रस्त्यावर अजून माणसे राहतात, ही सर्वांत मोलाची गोष्ट. आणि तीच धोक्यात आहे. एकेका घराचे अनेक वारस, ते देशोदेशी पांगलेले. कौले परतण्याचा व भिंती रंगविण्याचा खर्च मागे उरलेल्या वृद्धांच्या माथी. काही घरांची अतिथिगृहे झाली. त्याने घर वाचते हे खरे, आम्ही त्यास नावे ठेवीत नाही. पण शेजार मात्र राहत नाही. त्यात पाहुण्यांचा उपद्रव. लोक परक्याच्या पायरीवर बसतात, खिडकीत डोकावतात, भल्या पहाटे मोठ्याने बोलतात. छायाचित्रे काढू नयेत, असे फलक काही दारांवर लागले आहेत ते उगीच नव्हेत. आम्ही वही घेऊन गेलो तेव्हा प्रथम विचारीत असू आणि मगच टिपून घेत असू. विचारले की बहुधा दार उघडते, आणि पोर्तुगीज शब्दांची पेरणी असलेल्या गोड कोंकणीत दोन गोष्टी अधिकच कळतात.

रस्ता पाहून झाला की मळ्याकडून मारुतीच्या देवळापर्यंत चढून जावे. तेथून खाली सारा वाडा दिसतो. कौलारू छपरांची तांबडी रांग, पलीकडे खाडी. आणि नीट निरखले तर त्या तांबड्या रांगेत पत्र्याची छपरे कोठे कोठे शिरली आहेत, तेही एकेक करून मोजता येते.