वाऱ्यात ओझं उचलताना

मैत्रिणींनो, सुपातून ज्वारी वाऱ्यावर सोडली की दाणे पायाशी पडतात आणि फोलकटं उडून जातात. बांधकामावर क्रेन किंवा हायड्रा सामान उचलते, तेव्हाही वारा असाच निवड करतो. आपल्यातल्या कितीतरी जणी घमेली उचलायला साइटवर जातात, कुणाचे मालक, कुणाचा मुलगा पुण्या-मुंबईच्या बांधकामावर असतो. म्हणून हे नीट समजून घेऊ.

आपल्याला वाटतं, जड वस्तूच धोक्याची. पण वाऱ्यात हलकी आणि रुंद वस्तू जास्त घात करते. सळयांची मोळी वाऱ्याला फारशी दाद देत नाही. प्लायवूड, पत्रा, सेंट्रिंगची प्लेट मात्र वारा धरते. ताशी 36 किलोमीटरचा वारा, म्हणजे लहान झाडं अख्खी डोलू लागतात तेवढा, 8 बाय 4 फुटांच्या प्लायवूडला समोरून लागला तर निदान 18 किलोचा रेटा देतो. आणि वारा दुप्पट झाला की रेटा दुप्पट नाही, चौपट होतो. म्हणजे 70 किलोच्या वर!

ओझं झुलायला लागलं की ते क्रेनपासून लांब जातं. भरलेली कळशी कडेवर घ्या आणि तीच हात लांब करून धरून बघा. क्रेनचंही तसंच आहे, ओझं जितकं लांब तितकी तिची ताकद कमी. त्यात खाली नुसती झुळूक वाटत असली तरी दहाव्या मजल्यावर वारा जोराचा असू शकतो. म्हणून मोठ्या क्रेनवर वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र बसवतात. किती वेगाला थांबायचं हे बनवणाऱ्या कंपनीनं लिहून दिलेलं असतं. पत्रे-प्लेटी असतील तर त्याच्याही आधी थांबावं लागतं.

शहरात काम बंद असताना उंच टॉवर क्रेनचा दांडा आपोआप फिरताना दिसतो. घाबरू नका, तो मुद्दाम मोकळा सोडलेला असतो, म्हणजे वाऱ्याबरोबर वळतो आणि क्रेनवर जोर कमी येतो. चाकांच्या किंवा पट्ट्यांच्या क्रेनचं वेगळं आहे. तिचा लांब दांडा वादळाआधी खाली घ्यावा लागतो. 11 सप्टेंबर 2015 ला मक्केत, हज यात्रेच्या तोंडावर, वादळी वाऱ्यात अशी एक क्रेन मशिदीवर कोसळली आणि शंभराहून जास्त माणसं गेली. त्यात भारतातले यात्रेकरूही होते. वापर नसताना दांडा खाली घ्यायला हवा होता, असं चौकशीत निघालं.

आपल्या गावात एवढी मोठी क्रेन येत नाही, पण स्लॅबच्या दिवशी मिक्सरची लिफ्ट उभी राहते आणि वळवाचा वारा धुरळा घेऊन अचानक येतो. धुरळा दिसला की माल खाली घ्यायला सांगा आणि लिफ्टपासून लांब व्हा. सावलीला म्हणून तिच्याखाली बसू नका. लटकत्या ओझ्याची दोरी धरायला दिली तर ती हाताला किंवा कमरेला गुंडाळू नका, ओढ बसली की पटकन सोडता आली पाहिजे.

खरी अडचण येते ती "एवढी एक खेप होऊ दे" म्हणणाऱ्या मुकादमाची. अर्धी हजेरी कापतील या भीतीनं आपणही गप्प बसतो. म्हणून वाऱ्यासाठी काम थांबलं तर हजेरी कापायची नाही, हे सकाळी कामाला हात लावण्याआधीच ठरवून घ्या. आणि बोलायला एकटीनं जाऊ नका, चौघी मिळून जा.