किती चेंडू टाकलेस रे आज?

शनिवारी दुपार कलली की नागपुरातल्या बर्डीच्या मेट्रो इंटरचेंज स्टेशनावर पाठीवर किटबॅगा टाकलेली पोरं दिसू लागतात. कुणी सिव्हिल लाइन्सकडून आलेला असतो, कुणी वर्धा रोडच्या दिशेनं निघालेला. त्यातल्या एखाद्या वेगवान गोलंदाजाला विचारावं, गेल्या सामन्यात किती विकेट काढल्यास? उत्तर तयार असतं. वेग किती? तोही माहीत असतो, आणि त्यात चार-पाच किलोमीटर स्वतःच्या पदरचेही असतात. पण या आठवड्यात एकूण किती चेंडू टाकलेस, असं विचारलं की पोट्टा गडबडतो. त्याच्या प्रशिक्षकालाही हा आकडा सांगता येत नाही, आणि वडिलांना तर असा काही हिशेब ठेवायचा असतो हेच ठाऊक नसतं.

अमेरिकेत बेसबॉल खेळणाऱ्या बारा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हा आकडा मैदानाच्या कडेला बसलेल्या माणसाच्या वहीत असतो. तिथल्या 'लिटल लीग' या मुलांच्या बेसबॉल संघटनेनं २००७ पासून इनिंग मोजणं सोडून चेंडू मोजायला सुरुवात केली. पुढे २०१४ मध्ये मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांनी मिळून 'पिच स्मार्ट' नावाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. ११-१२ वर्षांच्या मुलानं दिवसाला जास्तीत जास्त ८५ चेंडू टाकायचे, १३ ते १६ वयाच्यानं ९५, आणि १७-१८ वर्षांच्यानं १०५. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलानं एका दिवसात ६६ किंवा त्याहून जास्त चेंडू टाकले, तर पुढचे चार दिवस त्याच्या हाती पिचर (फलंदाजाला चेंडू टाकणारा) म्हणून चेंडू द्यायचा नाही. वर्षातले किमान चार महिने फेकणं बंद, आणि त्यातले दोन-तीन महिने सलग. एकाच सामन्यात पिचर आणि कॅचर अशी दोन्ही कामं करायची नाहीत, कारण कॅचरलाही सतत चेंडू परत फेकावा लागतो.

हे शहाणपण काही आपोआप आलेलं नाही. त्यासाठी पुष्कळ कोपरं खर्ची पडली.

बेसबॉलचा पिचर हात मागे ताणून पुढे झटकतो, तेव्हा खांदा सेकंदाला सुमारे सात हजार अंश या वेगानं आत फिरतो. मानवी शरीराच्या सर्वांत जलद हालचालींत तिची गणना होते. त्या झटक्याचा ताण कोपराच्या आतल्या बाजूच्या एका अस्थिबंधावर येतो. मोठ्या माणसाचा हा अस्थिबंध फाटतो. वाढत्या मुलाचं हाड अस्थिबंधापेक्षा कच्चं असतं, म्हणून तिथली वाढीची कूर्चाच ओढली जाते. डॉक्टरांनी १९६० मध्येच या दुखण्याला 'लिटल लीगर्स एल्बो' असं नाव दिलं होतं. फाटलेला अस्थिबंध बदलण्याची शस्त्रक्रिया डॉ. फ्रँक जोब यांनी सप्टेंबर १९७४ मध्ये टॉमी जॉन या डॉजर्स संघाच्या पिचरवर पहिल्यांदा केली. दुसऱ्या जागेचा स्नायुबंध काढून कोपरात बसवला. जॉन १९७६ मध्ये मैदानात परतला आणि त्याच्या कारकिर्दीतल्या २८८ विजयांपैकी १६४ त्यानंतरचे आहेत. त्याच्या या यशाचा एक वाईट परिणामही झाला. कोपर गेलं तर नवं बसवता येतं, असं पालकांना वाटू लागलं.

अलाबामातल्या संशोधकांनी २००६ मध्ये शस्त्रक्रिया करावी लागलेल्या ९५ तरुण पिचरांची तुलना ४५ धडधाकट पिचरांशी केली. वर्षात आठ महिन्यांहून जास्त पिचिंग करणाऱ्यांना धोका पाचपट होता, सामन्यात ८० हून जास्त चेंडू टाकणाऱ्यांना सुमारे चौपट. आणि हात थकलेला असताना नेहमी टाकत राहणाऱ्यांना? छत्तीसपट. याच गटाच्या २०११ च्या अभ्यासात ४८१ मुलांवर दहा वर्षं नजर ठेवली होती. वर्षाला शंभरहून जास्त इनिंग टाकणाऱ्यांना गंभीर दुखापतीचा धोका इतरांच्या साडेतीनपट निघाला.

आता नागपूरच्या पोरांना बेसबॉलचं काय, असं कुणी म्हणेल. शालेय स्पर्धांच्या यादीत बेसबॉल आणि सॉफ्टबॉल आहेत खरे, पण बर्डीच्या पोराचं स्वप्न लेदर बॉलचंच असतं. त्याची तक्रारही कोपराची नसते, कंबरेची असते. दोन्ही खेळांत मुळातला फरक इथेच आहे. पिचर कोपर वाकवून झटकतो. गोलंदाजाला ते पंधरा अंशांपलीकडे सरळ करण्याची मुभा नाही. कोपर असं बचावतं आणि भार पाठीवर जातो. धावत येऊन पुढचा पाय आपटताना जमिनीकडून उलटा येणारा धक्का शरीराच्या वजनाच्या पाच ते आठ पट असू शकतो, आणि नेमक्या त्याच क्षणी कंबर मागे, बाजूला आणि गोल अशी तिन्ही दिशांनी वळलेली असते. कंबरेच्या शेवटच्या दोन मणक्यांमागे हाडाची एक अरुंद पट्टी असते, ती या पिळवटण्यानं हळूहळू तडकते. उजव्या हाताच्या गोलंदाजाला हा तडा बहुधा डावीकडे जातो.

हे हाड विशीच्या मध्यापर्यंत पुरतं पक्कं होत नाही. पॅट कमिन्सनं नोव्हेंबर २०११ मध्ये जोहान्सबर्गला कसोटी पदार्पण केलं, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. त्या सामन्यात त्यानं एका डावात सहा बळी घेतले. त्याची दुसरी कसोटी मार्च २०१७ मध्ये रांचीला झाली. मधली सव्वापाच वर्षं मुख्यतः पाठीनं खाल्ली. जसप्रीत बुमराहच्या पाठीवर मार्च २०२३ मध्ये न्यूझीलंडमध्ये शस्त्रक्रिया झाली. त्यांच्या दिमतीला जगातले उत्तम डॉक्टर होते. बर्डीच्या पोराकडे कंबरेचा पट्टा आणि बाम असतो.

क्रिकेटमध्ये नियम नाहीत असं नाही. इंग्लंडच्या मंडळानं वेगवान गोलंदाजांसाठी आखलेली मर्यादा अनेक वर्षं अशी होती: तेरा वर्षांखालच्यांनी एका स्पेलमध्ये पाच आणि दिवसभरात दहा षटकं, पंधरा वर्षांखालच्यांनी सहा आणि बारा, त्यापुढे एकोणिसापर्यंत सात आणि अठरा. हे आकडे बर्डीच्या क्रीडासाहित्याच्या दुकानात बॅटच्या शेजारी लावून ठेवावेत इतके सोपे आहेत. खरी अडचण अशी की आपल्याकडच्या मुलाचे मालक चार असतात. सकाळी अकादमीची नेट्स, दुपारी शाळेचा सामना, रविवारी क्लबचा, आणि रात्री वस्तीतल्या टेनिस बॉल स्पर्धेत मित्रांचा आग्रह. प्रत्येकजण आपापल्या मैदानावरचं मोजतो, किंवा तेही मोजत नाही. चारही ठिकाणांची बेरीज करणारा कुणीच नसतो. शाळेचे सर म्हणतात, "सहाच ओव्हर टाकल्या की त्यानं." खरंच आहे. पण सकाळी नेट्समध्ये तो तासभर टाकत होता.

लहानपणापासून इतकं टाकलंच पाहिजे असंही नाही, हे विदर्भाची वेगवान गोलंदाजी पाहिली की स्पष्ट होतं. नव्वदच्या दशकात नागपूरचा प्रशांत वैद्य भारताकडून चार एकदिवसीय सामने खेळला. मग आला उमेश यादव. वडील खापरखेड्याजवळच्या वलनी कोळसाखाणीत कामाला. उमेश वस्तीत टेनिस बॉलनं खेळायचा, पोलीस भरतीतही त्यानं नशीब अजमावलं. लेदर बॉल नियमितपणे हातात आला तोवर विशी गाठली होती. नोव्हेंबर २००८ मध्ये रणजी, २०१० मध्ये एकदिवसीय, आणि नोव्हेंबर २०११ मध्ये दिल्लीत वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी. विदर्भाचा तो पहिला कसोटीपटू. पुढे ५७ कसोटींत १७० बळी. उशिरा सुरुवात झाल्यामुळेच त्याची पाठ टिकली, असं एका उदाहरणावरून ठामपणे म्हणता येणार नाही. पण बाराव्या वर्षापासून रोज नेट्समध्ये घाम गाळला नाही तर संधी हुकली, ही जी भीती पालकांना घातली जाते, तिला उमेशची कारकीर्द चोख उत्तर आहे.

रजनीश गुरबानीही त्याच वळणाचा. स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेला हा मुलगा २०१७-१८ च्या रणजी हंगामात चोविशीत बहरला. कोलकात्यात कर्नाटकविरुद्धच्या उपांत्य सामन्यात बारा बळी घेतले आणि विदर्भ पाच धावांनी जिंकला. इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध ५९ धावांत सहा बळी, त्यात हॅटट्रिक. विदर्भाचं ते पहिलं रणजी विजेतेपद. त्यानंतर २०१८-१९ आणि २०२४-२५ मध्येही करंडक इथे आला. एवढं यश मिळालं की खालच्या वयोगटातली गर्दी वाढते, आणि गर्दी वाढली की प्रत्येक पोराला लवकर दिसायचं असतं.

लवकर दिसण्याचं वेड कुठवर जातं, ते पाहायचं असेल तर जपानची कोशिएन ही शाळकरी बेसबॉल स्पर्धा पाहावी. २०१३ च्या वसंत स्पर्धेत तोमोहिरो अनराकू या सोळा वर्षांच्या मुलानं नऊ दिवसांत ७७२ चेंडू टाकले. देश गहिवरला, अमेरिकी पत्रकार हादरले. २०१८ च्या उन्हाळी स्पर्धेत कोसेई योशिदानं ८८१ टाकले, तेव्हा कुठे जपानमध्येच वाद पेटला आणि २०२० पासून आठवड्याला ५०० चेंडूंची मर्यादा आली. वाढत्या मुलासाठी पाचशे हा आकडासुद्धा फार मोठा आहे.

गोलंदाजी करताना बचावलेलं कोपर सीमारेषेवरून फेकताना मात्र वाचत नाही. ती क्रिया थेट पिचरची, आणि क्रिकेटचा चेंडू बेसबॉलपेक्षा दहा-पंधरा ग्रॅमनं जडच. तरी आपल्याकडे सरावाच्या शेवटी, सगळे थकल्यावर, लांबून थ्रो मारायला लावतात. सगळ्यांत वाईट वेळ तीच. भालाफेकीतही हाच ताण असतो. नीरज चोप्राच्या उजव्या कोपरावर मे २०१९ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली होती. २००८ मध्ये भारतात बेसबॉलचे पिचर शोधणाऱ्या 'मिलियन डॉलर आर्म' स्पर्धेतून निवडलेले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हेही उत्तर प्रदेशातले भालाफेकपटूच. रिंकूनं ताशी १४० किलोमीटरच्या आसपास चेंडू फेकला, दोघांना पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल संघानं करारबद्ध केलं, हॉलिवूडनं सिनेमा काढला. पुढे रिंकूला दुखापतींनी गाठलं आणि तो व्यावसायिक कुस्तीच्या रिंगणात गेला. सिनेमा त्याआधीच संपतो.

वेग वाढवायचे झटपट उपायही बाजारात आहेत. जड चेंडू फेकण्याचा सराव त्यातला लोकप्रिय. अमेरिकेत १३ ते १८ वयाच्या पिचरांवर सहा आठवडे हा प्रयोग झाला, त्याचा अहवाल २०१८ मध्ये आला. वेग तीन टक्क्यांच्या आसपास वाढला, आणि त्या गटातल्या जवळजवळ चौथा हिस्सा मुलांना दुखापत झाली. नेहमीचा सराव करणाऱ्या गटात एकालाही नाही. ऑनलाइन व्हिडिओत फक्त वेग वाढल्याचं सांगतात.

मग करायचं काय? यात गुपित काहीच नाही, कंटाळवाणी कामं मात्र भरपूर आहेत. आधी पळून घाम काढायचा, मग हात फिरवायचा. फेक तेरा-चौदा मीटरपासून सुरू करून अंतर टप्प्याटप्प्यानं वाढवायचं. रबरी पट्ट्यानं खांद्याच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम करायचे, कारण हाताला वेग देणारे स्नायू पुढचे असले तरी त्याला थांबवणारे मागचे असतात, आणि आपल्याकडच्या जिममध्ये सगळा भर छातीवर. नितंब, मांड्या आणि पोट मजबूत असतील तर पाठीवरचा भार हलका होतो. सलग दोन दिवस पूर्ण वेगानं टाकायचं नाही. झोप पुरेशी हवी. पहाटे साडेपाचचं शिबिर आणि रात्री साडेदहाची शिकवणी यांचा मेळ कसा घालायचा, हे मात्र नागपूरच्या पालकांनाच ठरवावं लागेल.

नागपूरला निसर्गानं एक विश्रांती दिली होती. जून ते सप्टेंबर मैदानं चिखलात जायची आणि पाठी आपोआप सुटायच्या. आता छताखालची टर्फ आली, म्हणून ती सुट्टीही गेली. ज्यांना अजून मिळते, त्यांचा घोटाळा वेगळाच. चार महिने काहीच न करता ऑक्टोबरमध्ये एकदम सामने सुरू होतात. हाडाला विश्रांतीच्या अभावाइतकाच अचानक वाढलेला भारही नडतो. म्हणून सामन्यांआधी पाच-सहा आठवडे चेंडूंची संख्या हळूहळू चढवत न्यावी लागते. ऑस्ट्रेलियातल्या पाहणीत एका सामन्यात पन्नासहून जास्त षटकं टाकणाऱ्यांना पुढचे तीन आठवडे दुखापतीचा धोका वाढलेला दिसला होता. म्हणजे दुखणं त्याच दिवशी येत नाही, आणि आलं की कुणाला मागचं आठवत नाही.

पालकांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं: मागे वाकल्यावर कंबरेत एकाच बाजूला दुखत असेल आणि दोन आठवड्यांत थांबत नसेल, तर ते 'वाढीचं दुखणं' म्हणून सोडू नये. साध्या एक्स-रेमध्ये असा तडा अनेकदा दिसत नाही, एमआरआय लागतो. लवकर सापडला तर काही महिने गोलंदाजी बंद ठेवून बहुतेक मुलं परत येतात. पट्टा बांधून खेळत राहिली तर दोन्ही बाजूंनी तडा जाऊ शकतो, आणि मग प्रकरण लांबतं.

हा अंक हातात पडेल तेव्हा मोसम सुरू झालेला असेल. बर्डीत एक वही घ्यावी आणि ती मुलाच्या किटबॅगेत ठेवावी. शाळा, अकादमी, क्लब आणि टेनिस बॉल, चारही ठिकाणचे चेंडू त्याच वहीत रोज रात्री मुलानं स्वतः लिहावेत. प्रशिक्षकांनी सही करण्याआधी बेरीज वाचावी, आणि बेरीज जास्त झाली असेल तर उद्याचा सामना कितीही महत्त्वाचा असला तरी त्याला बाराव्या खेळाडूच्या खुर्चीवर बसवावं.