गोचीड चावली तर...

बेव्हर्ली पार्कमधील एका वाचक भगिनीने विचारले आहे, ‘आमच्या कुत्र्याच्या अंगावर गोचिड्या झाल्या आहेत. घरात लहान मूल आहे. त्याला यापासून काही रोग होईल का?’ माझा दवाखाना याच भागात असल्याने हा प्रश्न मला नवा नाही. म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

गोचीड हा कीटक नव्हे. पूर्ण वाढलेल्या गोचिडीला आठ पाय असतात व ती कोळ्याच्या कुळातली आहे. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड रक्त पिऊन टम्म फुगली की गळून पडते आणि भिंतीच्या भेगेत किंवा दाराच्या चौकटीमागे हजारो अंडी घालते. त्यामुळे नुसता कुत्रा धुऊन भागत नाही, घरही साफ करावे लागते. ही जात माणसाला क्वचितच चावते. कुत्र्याला मात्र तिच्यामुळे ताप येतो, रक्त कमी होते. औषध पशुवैद्यकाकडूनच घ्यावे. शेतात फवारायचे औषध कुत्र्याला चोळण्याचा उद्योग काही जण करतात. त्यात कुत्रा तर दगावतोच, पण त्याला कुरवाळणाऱ्या मुलालाही विषबाधा होऊ शकते.

गोचीड अंगाला चिकटलीच तर तिला काडीने चटका देऊ नये, रॉकेल लावू नये, बोटांनी तर मुळीच चिरडू नये. बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून, न पिळता, सरळ वर ओढावी. मग जागा साबणाने धुवावी.

तबेल्यातल्या चावऱ्या माशांबद्दलही लोक विचारतात. २०२२ साली महाराष्ट्रात गुरांमध्ये लम्पी पसरला, तेव्हा तो पसरवण्यात या माशा, डास आणि गोचिड्यांचा हात होता. पण लम्पी माणसाला होत नाही. उकळलेले दूध सोडून देण्याचे काही कारण नव्हते.

मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोचिडीची. आपल्याकडची कितीतरी कुटुंबे मे महिन्यात सिंधुदुर्गात गावी जातात. तिथे दोडामार्ग तालुक्यात २०१६ साली माकडतापाचे रुग्ण आढळले आणि पुढे बांदा परिसरातही तो पोहोचला. हा रोग प्रथम १९५७ साली कर्नाटकात, शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेला. त्याचा विषाणू शोधला तो आपल्या पुण्याच्या संस्थेने, आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने. या रोगाने माकडे मरतात व त्यांच्या अंगावरच्या गोचिड्या जंगलात पसरतात. माणसाला चावते ती बहुधा गोचिडीची पिल्लू अवस्था, खसखशीच्या दाण्याएवढी. ती चावल्याचे पुष्कळांना कळतही नाही. गुरे स्वतः आजारी पडत नाहीत, पण चरून येताना गोचिड्या घराजवळ आणतात.

या पिल्लांचा सुळसुळाट डिसेंबर ते मे या काळात असतो आणि काजूची बी गोळा करायचे दिवसही नेमके तेच. मुले हौसेने बागेत जातात, पातेऱ्यात बसतात. तेव्हा पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, विजारीचे पाय मोज्यात खोचावेत, उघड्या अंगाला डीएमपी तेल लावावे. परत आल्यावर गरम पाण्याने व साबणाने अंघोळ करावी, कानामागे, काखेत, जांघेत पाहावे. माकड मरून पडलेले दिसले तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवावे.

गोचीड चावल्यावर साधारण तीन ते आठ दिवसांत एकाएकी जोराचा ताप येतो, कपाळ ठणकते, अंग मोडून येते, डोळे लाल होतात. काहींना हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येते. शंभरांत तीन ते पाच रुग्ण दगावतात. विषाणू मारणारे खास औषध नाही, पण वेळेवर सलाईन व देखरेख मिळाली तर बहुतेक जण बरे होतात. हा ताप एका माणसाकडून दुसऱ्याला लागत नाही.

अडचण अशी, की ताप येईपर्यंत माणूस मीरा रोडला परतलेला असतो. इथल्या डॉक्टरच्या मनात आधी मलेरिया, डेंग्यू येतो आणि त्यात त्याची चूक नाही. तेव्हा ‘मी अमुक तारखेपर्यंत गावी होतो, काजूच्या बागेत गेलो होतो’ हे न विचारताच सांगावे. अंगदुखीसाठी ॲस्पिरीन किंवा ब्रुफेन मनाने घेऊ नये, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. अंगावर कुठे काळी खपली दिसली तर तीही दाखवावी. ती बहुधा चिगर नावाच्या सूक्ष्म किड्याच्या चाव्याची, म्हणजे स्क्रब टायफसची खूण असते. २०१८ साली विदर्भात त्याची साथ होती. त्यावर मात्र डॉक्सिसायक्लीन हे स्वस्त औषध हमखास लागू पडते, वेळेत सुरू केले तर.