भेंडीवरचा केवडा

भेंडीच्या पानाच्या शिरा पिवळ्या पडतात, मग सारे पानच हळदीत बुडवल्यासारखे होते, फळ राठ निघते. याला आपले शेतकरी केवडा म्हणतात. आपला जिल्हा ज्या मुंबई इलाख्यात होता, तिथून १९२४ साली कुलकर्णी यांनी या रोगाची पहिली नोंद केली.

पुढे रानटी भाऊबंदांशी संकर करून परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'परभणी क्रांती' आणि बेंगळुरूच्या संशोधन संस्थेने 'अर्का अनामिका' हे रोगाला दाद न देणारे वाण दिले. काही वर्षांनी त्यांवरही केवडा दिसू लागला. अशा वेळी बियाणे विकणाऱ्याशी भांडण होते. दोष दर वेळी त्याचाच नसतो.

हा विषाणू जेमिनी, म्हणजे मिथुन कुळातला. कवच जुळ्यांसारखे चिकटलेले. निपाणीच्या तंबाखूवरचा कोकडा, टोमॅटोचा पर्णगुच्छ हे याच घराण्यातले. आत सुमारे २,७०० अक्षरांचा गोल डीएनए. पांढरी माशी या रोपावरून त्या रोपावर बसते आणि कधीकधी एकाच पेशीत दोन जातींचे विषाणू पोचवते. तिथे डीएनएची नक्कल होताना, वडगावच्या मागावर तुटलेला धागा दुसऱ्या रिळाच्या धाग्याला गाठावा तसे, अर्धी नक्कल एकाची आणि अर्धी दुसऱ्याची होते. युगांडात कसाव्याची पिके उद्ध्वस्त करणारा विषाणू असाच दोन जातींच्या जोडातून झालेला निघाला, हे १९९७ साली दाखवले गेले. भारतातील भेंडीच्या विषाणूंतही असे जोड सापडले आहेत. जुना विषाणू ओळखून रोखणारे वाण नव्या जोडापुढे फसू शकते.

नक्कल करताना कधी मधला भाग गळतो आणि मूळच्या निम्म्या आकाराचा मोडका डीएनए तयार होतो. तो एकटा रोग करू शकत नाही, पण नकलेची यंत्रणा अडवून मूळ विषाणूचीच उपासमार करतो. १९९० साली इंग्लंडमधील संशोधकांनी कसाव्याच्या विषाणूचा असा तुकडा तंबाखूच्या एका रानटी जातीत कायमचा बसवला, तेव्हा त्या रोपांवर रोग सौम्य आला. हे वाचून माझ्या पॅथीचे मित्र 'समं समेन' म्हणत उड्या मारतील. त्यांनी मारू नयेत. इथे पुड्या नाहीत, मोजता येणारा रेणू आहे.

शेतात मात्र उपाय साधेच आहेत. पिवळे पडलेले पहिले रोप दिसताच उपटून नष्ट करावे, बांधावरचे तण काढावे, रोपे कोवळी असतानाच पांढऱ्या माशीवर लक्ष ठेवावे. सारे शेत पिवळे झाल्यावर फवारणीचा खर्च वाया जातो.