मुख्य चावी बंद, प्लीहा सुखरूप!

सायकलवरून पडताना हँडल डाव्या बरगड्यांखाली जोरात लागले, तर आतली प्लीहा, म्हणजे पाणथरी, फाटू शकते. सुमारे १५० ग्रॅमचा हा अवयव रक्ताने भरलेला असतो. पूर्वी तो बहुधा काढूनच टाकीत. पण मग न्यूमोकॉकससारख्या जंतूंशी लढण्याची ताकद जन्मभर उणी राहते.

पाण्याचा नळ फुटला, तर चिंधी बांधण्यापूर्वी आपण मुख्य चावी बंद करतो. दाब उतरला, की चिंधी टिकते. न्यूयॉर्कचे क्ष-किरणतज्ज्ञ साल्वातोरे स्क्लाफानी यांनी हीच युक्ती जखमी प्लीहेसाठी वापरली व १९८१ मध्ये प्रसिद्ध केली. जांघेतील रोहिणीतून बारीक नळी सरकवीत, क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत, प्लीहेच्या मुख्य रोहिणीत धातूच्या तारेची गुंडाळी ठेवतात. तिच्याभोवती रक्त गोठते आणि वाट बंद होते.

मग प्लीहा मरत नाही का? नाही. जठराकडून येणाऱ्या लहान रोहिण्या तिला रक्त पुरवितात. आडवाटेने येणाऱ्या या रक्ताचा दाब मात्र कमी असतो; म्हणून जखमेवरची गुठळी टिकते.

रुग्णाचा रक्तदाब सावरलेला असेल, तरच हा उपाय चालतो. तो कोसळत असेल, तर शस्त्रक्रियाच हवी. म्हणून मित्रांनो, पोटाला जोराचा मार लागला, तर घरी लपवू नका!