कापसाची घडी

तापीच्या खोऱ्यातील काळी जमीन कापसासाठी प्रसिद्ध आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास जळगाव व धुळे जिल्ह्यांतील शेते पांढऱ्या बोंडांनी फुलून जातात. कमरेस ओटी बांधून वेचणीला निघतात, त्या बहुधा स्त्रियाच. या कापसाचा त्यांच्या आरोग्याशीही एक जवळचा संबंध आहे; परंतु त्याविषयी घरात मोकळेपणाने बोलले जात नाही. तो संबंध मासिक पाळीचा होय.

साधारणतः दहा ते पंधरा वर्षांच्या वयात मुलीला पाळी येऊ लागते. गर्भाशयाच्या आतल्या बाजूस दर महिन्याला एक मऊ अस्तर तयार होते. गर्भ राहिला नाही, म्हणजे त्याची गरज उरत नाही आणि ते रक्तासह बाहेर पडते. हा स्राव दोन ते सात दिवस चालतो. त्यात बहुधा ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते, म्हणजे चहाचा अर्धा कपही नव्हे. हा आजार नव्हे आणि विटाळही नव्हे. हा देहाचा धर्म आहे. 'कावळा शिवला' म्हणून मुलीस दूर बसविण्याला विज्ञानात आधार नाही.

पूर्वी स्त्रिया जुन्या लुगड्याच्या घड्या वापरीत. आजही अनेक घरी वापरतात. स्वच्छ सुती कापडात दोष नाही. दोष आहे तो लाजेत. लाजेपायी धुतलेली घडी अंधाऱ्या कोपऱ्यात वाळत घातली जाते, ती ओलसर राहते आणि तिच्यात जंतू वाढतात. साबणाने धुऊन कडक उन्हात वाळविली, तर हा धोका टळतो. आणि खानदेशात उन्हाची वाण नाही! घडी असो वा पॅड, तो दर चार ते सहा तासांनी बदलावा. वेदना असह्य झाल्यास किंवा स्राव सात दिवसांहून अधिक चालल्यास डॉक्टरांना दाखवावे.

बोंडातून नुकताच काढलेला कापूस पाण्यावर टाकला, तर तो तरंगत राहतो. कारण त्याच्या तंतूंवर मेणासारखा पातळ थर असतो. तो थर काढल्यावरच कापूस पाणी शोषतो. तमिळनाडूतील कोइमतूरचे अरुणाचलम मुरुगनंतम यांनी १९९८ मध्ये पत्नीसाठी कापसाचा स्वस्त पॅड केला, पण तो पुरेसा ठरला नाही. पॅड वापरून अनुभव सांगण्यास कोणी स्त्री पुढे येईना. तेव्हा त्यांनी फुटबॉलच्या फुग्यात बकऱ्याचे रक्त भरून तो कमरेस बांधला आणि स्वतःवरच परीक्षा घेतली. पॅडसाठी लाकडाचे तंतू लागतात, हे उमगण्यास त्यांना दोन वर्षांहून अधिक काळ लागला. पुढे त्यांनी खेड्यातील स्त्रियांना चालविता येईल असे साधे यंत्र तयार केले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मौनाने अडविलेले हे एकटेच संशोधन नव्हे. पॅड किती स्राव शोषतो, हे प्रगत देशांतील प्रयोगशाळाही बहुधा मिठाच्या पाण्याने मोजीत. मानवी रक्त वापरून अशा अनेक वस्तूंची तुलना करणारा अमेरिकेतील अभ्यास प्रसिद्ध झाला, तो २०२३ मध्ये. वेष्टनावर छापलेले माप आणि प्रत्यक्षातील क्षमता यांत फरक असल्याचे त्यात दिसून आले.

ज्याविषयी बोलले जात नाही, त्याचे मोजमाप होत नाही. आणि ज्याचे मोजमाप होत नाही, त्यावर उपायही सापडत नाही. म्हणून मुलींनी आपली शंका आईला, शिक्षिकेला वा आरोग्यसेविकेला निःसंकोचपणे विचारावी. मुलांनीही हा विषय थट्टेचा करू नये. घडी उन्हात वाळत दिसली, तर तिच्यात आरोग्य पाहावे.