कोपऱ्यातला गडी

चढाईपटूने एका दमात दोन गडी टिपले की मैदान दणाणून जाते. त्यालाच कोपऱ्यातल्या मुलाने घोट्यात धरून खाली बसवले, तर टाळ्या पडतात खऱ्या, पण त्या सगळ्या संघाच्या नावावर जमा होतात. जुन्नर-आंबेगावच्या एखाद्या शाळेच्या मैदानावर संध्याकाळी उभे राहून पाहा. चढाईसाठी पुढे सरसावणारे पुष्कळ. कोपरा राखायला मात्र कुणाला तरी नेमावे लागते.

अमेरिकन फुटबॉलमध्येही फार वेगळे नव्हते. समोरची मानवी भिंत फोडून चेंडू फेकणाऱ्याला लोळवणारे धिप्पाड गडी सामने फिरवत. पण त्यांच्या या कामगिरीची अधिकृत नोंद तिथल्या व्यावसायिक लीगने ठेवायला सुरुवात केली ती १९८२ साली. त्या गड्यांना पहिल्या पावलातच झेपावायला शिकवतात. आपल्या कोपरारक्षकाला आधी शिकवावे लागते ते नेमके उलटे: थांबायला.

मैदानात सहा किंवा सात बचावपटू असताना चढाईपटू बोनस रेषेपलीकडे एक पाय टाकतो, तेव्हा त्याचा दुसरा पाय हवेत असावा लागतो. म्हणजे सगळा भार एका पायावर! कोपऱ्यातल्या गड्याचा क्षण हाच. तो त्याआधी झेपावला तर फुकट बाद होतो. उशीर केला तर पाय निसटतो. म्हणून नजर चढाईपटूच्या हातांवर नको, कारण हात फसवतात. नजर कमरेखाली हवी. दोन्ही हातांनी घोटा धरून आपल्याकडे ओढायचा, डोके बाजूला ठेवायचे, नाहीतर गुडघा तोंडावर बसतो. आणि शेजारच्या गड्याने त्याच क्षणी धावून यायचे. एकट्याने धरलेला घोटा फार वेळ टिकत नाही.

हे सारे शिकवता येते, याचा दाखला फार लांब शोधायला नको. मंचर, नारायणगाव, आळेफाटा ज्या पुणे-नाशिक रस्त्यावर आहेत, त्याच्या दुसऱ्या टोकाच्या नाशिकच्या शैलजा जैन इराणच्या महिला संघाच्या प्रशिक्षक झाल्या. २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांच्या संघाने अंतिम सामन्यात भारताला २७-२४ असे हरवले. त्याआधी १९९० पासून सलग सात सुवर्णपदके जिंकणारा आपला पुरुष संघही त्याच स्पर्धेत उपांत्य फेरीत इराणकडूनच १८-२७ असा हरला होता. पुढे हांगझोऊच्या स्पर्धेत, २०२३ मध्ये, भारताने दोन्ही सुवर्णपदके परत मिळवली, हेही सांगायला हवे.

गावातल्या सरावाला मॅटच पाहिजे असे नाही. सुरुवातीला चढाईपटूने नुसते चालत यावे, समोरच्याने नुसता घोटा धरून सोडावा; वेग नंतर वाढवावा. मात्र खडे वेचून, पाणी मारून माती मऊ केलेली असावी. टणक जमिनीवर मुली झेप अर्ध्यात आवरतात, आणि अर्धवट पकड दोघींनाही दुखावते. शेतात आईला हात देऊन मैदानावर आलेल्या मुलीचा गुडघा गेला, तर घरचे तिला पुन्हा खेळायला पाठवतीलच असे नाही.